शहाण्णव झाडं आणि एक उचकी

भिंगरीला घरचे भिंगरी म्हणत, कारण चालायला लागल्यापासून ती एका जागी ठरलेली कुणी पाहिली नव्हती. मिरचीच्या संशोधन केंद्रात नोकरीला लागली, तर आठवड्याभरात तिथेही तेच नाव पडलं, तेही घरच्यांपैकी कुणी जाऊन सांगितलेलं नसताना. तीन जाळीघरं, बियाण्यांची एक थंड खोली, एक लांबलचक प्रयोगशाळा आणि या सगळ्यांना जोडणारा फरशीचा बोळ, एवढं ते केंद्र. त्या बोळात भिंगरीच्या चपलांचा आवाज दिवसभर चालू असे. तो थांबला की केंद्राच्या संचालक, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, खोलीतून डोकं बाहेर काढून विचारत, "बरी आहे ना ती?"

तिच्याकडे काम होतं गोड मिरची घडवायचं. शाळांच्या स्वयंपाकघरांना मुलं कच्ची खातील अशी मिरची हवी होती. पातळ सालीची, रसाळ, तिखटाचा मागमूस नसलेली. भिंगरीने आईबाप निवडले. आई भोपळी मिरची, लालबुंद, गुबगुबीत, स्वभावाने गरीब. बाप करंगळीएवढा, पातळ सालीचा, दिसायला थेट एखाद्या जहाल मिरचीचा सख्खा भाऊ, पण चावलात तर काकडीसारखा निरुपद्रवी. दोघंही पिढ्यानपिढ्या गोड. त्यांचं लेकरू गोड निघणार यात शंका घ्यायला जागा नव्हती, आणि भिंगरीने ती घेतलीही नाही.

लग्न लावलं चिमटेकाकांनी. भोपळीची उमलायच्या बेतात असलेली कळी अलगद उघडायची, आतले पुंकेसर चिमट्याने एकेक करून काढायचे, मग दुसऱ्या झाडाचे पराग आणून मधल्या हिरव्या टोकावर टेकवायचे आणि देठाला चिठ्ठी बांधायची. एकतीस वर्षं केंद्रात हे काम त्यांच्याचकडे होतं. इतरांच्या खिशाला पेन असतं, त्यांच्या खिशाला चिमटा असे. एका झाडावरून दुसऱ्या जातीच्या झाडाकडे जाताना तो स्पिरिटमध्ये बुडवायचा, म्हणजे आधीचे पराग मरतात, हा त्यांचा नेम. भिंगरी शिकाऊ म्हणून आली तेव्हा कळी कशी धरायची हे त्यांनीच तिला शिकवलं होतं, म्हणून ते तिला अजूनही "पोरी" म्हणत.

त्या लग्नातून चोवीस झाडं उभी राहिली. फळं लांबट, चकचकीत, अंगावर शहारे यावेत इतकी देखणी. भिंगरीने एकाचं टोक चावून पाहिलं. गोड. ती नाचतच मोठ्या बाईंकडे गेली आणि शाळांच्या आचाऱ्यांना चाखायला बोलवायचं ठरलं.

तीन आचारी आले. त्यातले सर्वांत ज्येष्ठ होते दाराएवढे रुंद, आणि बोलायला अतिशय सभ्य. मोठ्या बाईंनी चार वाक्यांचं भाषण केलं, भिंगरीने ताटली पुढे केली, आणि त्या गृहस्थांनी मिरची देठाकडून अर्धी एका घासात तोडली.

पहिल्या दोन चावांत त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. तिसऱ्या चावाला ते कौतुक जागच्या जागी थिजलं. मग कान लाल झाले, मग मान, मग डोक्याचा तुळतुळीत भाग. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तरी माणूस सभ्य. अगदी बारीक, बासरीसारख्या आवाजात ते म्हणाले, "छान आहे. गोडच आहे." आणि भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले.

"असं कसं होईल?" म्हणत मोठ्या बाईंनी ताटलीतली दुसरी मिरची अख्खीच तोंडात टाकली. नंतर पाव तास केंद्रात फक्त दुधासाठी धावाधाव चालू होती.

भिंगरीने कपाळ बडवून घ्यायचंच बाकी होतं. मिरचीचा जाळ बियांतही नसतो आणि टोकातही फारसा नसतो. तो असतो देठाजवळच्या पांढऱ्या गरात, जिथे बिया चिकटलेल्या असतात. हे ती दरवर्षी शिकाऊ मुलांना शिकवत असे. आणि स्वतः टोक चावून नाचत सुटली होती.

चोवीसच्या चोवीस झाडं तिखट निघाली.

मोठ्या बाई अन्याय करणाऱ्या नव्हत्या, पण हिशेब सरळ मांडणाऱ्या होत्या. "तिखटपणा आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो," त्या म्हणाल्या. "या दोघांकडे तो नाहीच. मग तिसऱ्याकडून आला. शेजारच्या जाळीघरात सहा जहाल जाती आहेत, आणि काका त्या दिवशी दोन्हीकडे काम करत होते. चिमट्याला पराग चिकटून आले असणार."

"काका?" भिंगरी म्हणाली. "बाई, काका झोपेतसुद्धा चिमटा बुडवतील."

"मलाही तसंच वाटायचं," मोठ्या बाई म्हणाल्या. निकाल लागेपर्यंत काकांना कळ्यांपासून दूर ठेवून रोपांचे ट्रे धुवायला लावलं गेलं. खरा बाप कोण ते कळायला पानं बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवावीत, तर तिथे दहा महिन्यांची रांग.

भिंगरी तरातरा नळापाशी गेली. काका ट्रे घासत होते.

"काका, तुम्ही काही बोलत का नाही? तुमची चूक नाही म्हणून सांगा ना त्यांना."

काकांनी नळ बंद केला. "कसं सांगू, पोरी? त्या दिवशी सकाळी मला नात झाल्याचा फोन आला. मी दिवसभर हवेत होतो. जाळीघरात एकटाच हसत होतो. कळ्या केल्या एवढं आठवतं. चिमटा बुडवला की नाही..." त्यांनी ओल्या हातांकडे पाहिलं. "खरंच आठवत नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा आठवत नाही."

भिंगरी त्यांच्या शेजारी बसून दोन ट्रे घासून आली.

भिंगरीचा नवरा घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान. कपाळावर भिंग, पुढ्यात दिव्याखाली मांडलेल्या चकत्या आणि स्क्रू. अत्यंत शांत माणूस, एकच खोड सोडली तर. तिखटाचा कण पोटात गेला की त्याला उचकी लागे. त्याची आई, म्हणजे भिंगरीच्या सासूबाई, हिरवी मिरची काकडीसारखी खाणाऱ्या. ताटात दोन मिरच्या घेतल्याशिवाय त्यांचा घास उतरत नसे, आणि आपल्या पोटी हा असा कसा जन्मला याचं त्यांना आजवर नवल वाटे.

त्या संध्याकाळी भिंगरी नवऱ्याच्या टेबलापाशी तोंड पाडून बसली होती. तो दोन बंद पडलेली, एकाच बनावटीची घड्याळं उघडून बसला होता.

"दोन्ही गेली?" तिने उगाचच विचारलं.

"गेली. पण वेगवेगळ्या दुखण्याने. याची स्प्रिंग तुटलीय, त्याचं चाक झिजलंय." त्याने एकातलं चाक काढून दुसऱ्यात बसवलं, दुसऱ्याची स्प्रिंग चढवली, किल्ली दिली, आणि घड्याळ टिकटिक करू लागलं. "हे बघ. दोन मेलेल्यांतून एक जिवंत."

भिंगरी एवढ्या जोरात उठली की खुर्ची उलटी झाली.

"काय झालं?" नवरा म्हणाला.

"वेगवेगळ्या दुखण्याने," ती म्हणाली. "वेगवेगळ्या दुखण्याने गोड आहेत ती." तिने त्याच्या भिंगावरच पापी घेतली आणि स्वयंपाकघराकडे पळाली.

सासूबाई भाजी चिरत होत्या. भिंगरीने त्यांचा बटणांचा डबा टेबलावर पालथा केला.

"आई, ऐका. मिरचीत तिखट तयार व्हायला बरीच कामं व्हावी लागतात. आपण दोनच धरू. एक कारागीर माल तयार करतो, दुसरा तो जोडतो. दोघांपैकी कुणीही एक बिघडला की मिरची गोड. भोपळीचा जोडणारा बिघडलेला असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. आम्ही धरून चाललो की छोटीचाही, म्हणजे बाप मिरचीचाही, तोच बिघडलाय. पण तिचा माल तयार करणाराच बिघडलेला असेल तर?"

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "म्हणजे लेकराला आईकडून चांगला माल करणारा मिळाला, आणि बापाकडून चांगला जोडणारा."

"आणि लेकरू तिखट."

"मग तुझ्या काकांनी काहीच केलं नाही."

"तेच तर सिद्ध करायचंय." भिंगरी बटणं मांडायला लागली. लाल म्हणजे चालू कारागीर, पांढरं म्हणजे बिघडलेला. प्रत्येक कारागिराची दोन बटणं, एक आईकडचं, एक बापाकडचं, आणि त्यातलं एक लाल असलं तरी काम चालतं. या तिखट लेकरांच्या पोटच्या बिया लावल्या की पुढच्या पिढीत बटणं पुन्हा पिसली जाणार, सोळा तऱ्हांनी. ती मांडत गेली, सासूबाई मोजत गेल्या. दोन्ही कारागीर चालू असलेली मांडणी नऊ वेळा आली, एखादा तरी पूर्ण बिघडलेली सात वेळा.

"सोळात नऊ तिखट, सात गोड," सासूबाई म्हणाल्या. "आणि काकांची चूक असेल तर?"

"तर जहाल बापाकडे दोन्ही कारागीर धडधाकट. भांडण एकाच बटणाचं. चारांत तीन तिखट. सोळात बारा."

बाराच्या जागी नऊ. एवढ्याशा फरकात एका माणसाची एकतीस वर्षं बसली होती.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, कागदावर स्वतः सोळा चौकोन काढून पाहिले आणि मान हलवली. "तिखट फळांतल्या शहाण्णव बिया लावा. जाळीघर बंदच आहे, कीडमुंगी आत येत नाही, म्हणजे बिया त्यांच्याच. काकांची चूक असेल तर बहात्तर तिखट येतील, तुझं खरं असेल तर चौपन्न. आणि चाखायला काका नकोत. ज्याच्यावर शंका आहे त्याने साक्ष द्यायची नाही."

चार महिने भिंगरी डोळ्यांत तेल घालून त्या रोपांवर पहारा देत होती. कुणी जवळून शिंकलं तरी तिचा जीव खालीवर होई. काका ट्रे धुवत, आणि दुपारच्या सुट्टीत जाळीबाहेर उभे राहून बघत. आत येत नसत.

चाखण्याच्या दिवशी सकाळी नऊला प्रयोगशाळेतलं लांब टेबल रिकामं केलं गेलं. प्रत्येक झाडाच्या फळाचा देठाकडचा पांढरा गर कापून नंबर घातलेल्या वाटीत ठेवला. चाखणारे पाच जण होते. मोठ्या बाई, भिंगरी, केंद्राचा ड्रायव्हर, बियाण्यांच्या खोलीतल्या बाई, आणि हट्टाने आलेल्या सासूबाई. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, तिखट किंवा गोड, बोलायचं नाही. दुधाची बादली आणि पावाची टोपली घेऊन काका कोपऱ्यात उभे.

पाचव्या वाटीला ड्रायव्हर खोलीभर फिरून आला. सासूबाईंनी त्याच वाटीला शांतपणे "गोड" लिहिलं. बारा वाट्या झाल्यावर त्यांच्या बाराही चिठ्ठ्यांवर "गोड" निघालं.

"आई," मोठ्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुम्हाला यातली एकही तिखट लागली नाही?"

"तिखट कशाला म्हणतात ते मला ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. "हे ते नव्हे."

त्यांना मानाने साक्षीदारांतून काढण्यात आलं. त्या थोड्या रुसल्या, मग काकांकडून दुधाचा डाव काढून घेतला आणि वाढपाचा कारभार हाती घेतला.

चाळीस वाट्यांनंतर खोलीत काहीतरी बदललं. आधी बियाण्यांच्या बाई हसल्या, कारण नसताना. मग ड्रायव्हर. मोठ्या बाईंनी वाहत्या नाकाने समजावून सांगितलं, की तोंडाला आग लागली असं मेंदूला वाटतं, म्हणून तो दुखणं शमवणारी रसायनं सोडतो, आणि त्याने माणसाला जरा हलकं हलकं वाटतं. "जरा" म्हणताना त्यांचाच तोल गेला. बाईंना एकोणीस वर्षांत कुणी खदखदून हसताना पाहिलं नव्हतं. आता त्या "देठ" हा शब्द उच्चारून हसत होत्या.

"देठ," त्या म्हणत, आणि टेबलावर डोकं ठेवत.

"बाई, वाटी एकसष्ट," भिंगरी म्हणे, आणि तिलाही हसू आवरेना. तिचे ओठ सुजून दुप्पट झाले होते, कान गात होते, पायांना वाटत होतं की आपण फरशीवर नाहीच. सगळं जग तिला अतिशय प्रेमळ वाटत होतं. तिने ड्रायव्हरला सांगितलं की तो फार चांगला माणूस आहे. ड्रायव्हर रडला, अर्थात तो सकाळपासूनच रडत होता.

दोन वाजता शहाण्णवावी वाटी संपली. चिठ्ठ्या लावल्या. एकोणपन्नास नक्की तिखट, छत्तीस नक्की गोड. अकरा वाट्यांवर मतं फुटली होती. जिभा इतक्या बधिर झाल्या होत्या की सौम्य तिखट ओळखायला कुणी शुद्धीवर नव्हतं.

"अकराही तिखट धरल्या तर साठ," मोठ्या बाई म्हणाल्या. हसणं ओसरलं होतं. "साठावर मी सही करणार नाही. मला कोरी जीभ हवी."

"जीभ नको," सासूबाई म्हणाल्या. "माझा मुलगा बोलवा."

घड्याळजी अर्ध्या तासात आला, कपाळावर भिंग तसंच. त्याला खुर्चीत बसवलं. काय करायचं ते सांगितलं, आणि कसायाकडे बोकडाने पाहावं तसं त्याने बायकोकडे पाहिलं.

"तिखट नसेल तर काहीच होणार नाही," भिंगरी म्हणाली.

"आणि असेल तर?"

"तर मी तुझी जन्मभर ऋणी."

पहिली वाटी. तो चावला, गिळला, थांबला. काही नाही. गोड. दुसरी. तीन सेकंदांनी खणखणीत उचकी आली आणि ड्रायव्हरने टाळ्या वाजवल्या. मग साखर, दही, थंड पाणी आणि उचकी जाईपर्यंत वाट. एकेका वाटीला पाव तास लागे. चौथ्या वाटीला उचकी. पाचवीला शांतता. सातवीला अशी उचकी आली की भिंग कपाळावरून डोळ्यावर घसरलं. मोठ्या बाई फळ्यावर रेघा ओढत होत्या. काका खिडकीकडे तोंड करून उभे होते, एकदाही वळले नाहीत.

दहा वाट्या झाल्या तेव्हा पाच तिखट, पाच गोड होत्या. अकराव्या वाटीला घड्याळजी चावला, आणि काहीच झालं नाही. मिनिट गेलं. मोठ्या बाईंनी गोडच्या रकान्यात खडू टेकवला. तेवढ्यात त्याचे खांदे किंचित उडाले आणि एक चिमुकली, लाजरी उचकी बाहेर पडली.

"ही धरायची का?" त्याने विचारलं.

"उचकी ती उचकी," सासूबाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी बेरीज केली. मग पुन्हा केली. "पंचावन्न तिखट," त्या म्हणाल्या. "एक्केचाळीस गोड." त्यांनी खडू ठेवला. "काका, इकडे बघा. बहात्तर नाही. पंचावन्न."

काका वळले. "म्हणजे मी चिमटा बुडवला होता?"

मोठ्या बाई खऱ्याला धरून चालणाऱ्या. "ते मिरचीला माहीत नसतं. पण परका पराग आला नव्हता, एवढं तिने सांगितलंय. आईबाप तेच होते, तुम्ही चिठ्ठीवर लिहिले होते तेच. चुकले ते मी. मला त्या बापाची पारख नव्हती, आणि मी तुमच्यावर बोट ठेवलं."

काका रिकाम्या बादलीवर बसले. दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. "हातांनीच बुडवला असेल आपणहून," ते म्हणाले. "मी हसत होतो ना." आणि त्यांना हसू फुटलं, एकही मिरची न चाखता, ते हसले, तशी भिंगरी हसली, आणि घड्याळजीला दोन्ही हातांनी धरून तिने टेबलाभोवती तीन फेऱ्या मारल्या, तो उचक्या देत असतानाच. सासूबाई गर कापून उरलेल्या फळांतल्या तिखट मिरच्या निवडून पदराच्या टोकात बांधत होत्या. रात्रीच्या जेवणाला होतील म्हणाल्या.

एक्केचाळीस गोड झाडांपैकी सहा पातळ सालीची निघाली. मोठ्या बाईंनी आचाऱ्यांना पत्र लिहिलं, की एक वर्ष थांबा, आणि या वेळी आधी आम्ही देठाकडून चाखू. ज्येष्ठ आचाऱ्यांचं उत्तर आलं, ते अर्थातच सभ्य होतं.

चाखण्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी काका जाळीघरात गेले तर मोठ्या बाई आधीच तिथे, बाह्या दुमडून, हातात नवाकोरा चिमटा.

"मला शिकवा," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षं मी सह्या करतेय. एकही कळी उघडलेली नाही."

काकांनी भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी नेमकी त्या क्षणी अगदी स्थिर उभी होती.

पहिली कळी बाईंच्या हातात देठासकट तुटली. दुसरी चिरडली. तिसरीचे पुंकेसर निघाले, पण मधलं हिरवं टोकही त्यांच्याबरोबर आलं. बाईंचा चेहरा पडला.

"चालायचंच," काका म्हणाले. "पहिल्या वर्षी मी चारशे तोडल्या होत्या. अंगठा ढिला सोडा. हं, असा." आणि त्यांनी शेजारच्या फांदीवरची एक टपोरी कळी दोन बोटांत धरून बाईंच्या पुढे केली.